शालनकाकीला आरसे हवे होते

अन्याय तुझ्यावर झाला, शालनकाकी. गेल्या वर्षी, दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी, सांगलीत, दुपारचं शटर नुकतंच वर गेलं होतं तेव्हा. मी साक्षीदार आहे. तू काउंटरला पिशवी टेकवून स्वच्छ शब्दांत म्हणालीस, "मला ट्रकचा खेळ खेळायचाय. त्याला लागतोय तसला कॉम्प्युटर दावा." आणि त्या माणसाने तुझ्याकडे न बघता माझ्याकडे बघून विचारलं, "कुणासाठी?"

"माझ्यासाठी," तू म्हणालीस.

"नातू केवढा आहे?" त्याने पुन्हा मलाच विचारलं.

मी तोंड उघडलं तसा तू माझा दंड धरलास. "वैशे, गप. आधी बघू तर दे." त्याने आतून एक काळा डबा आणून ठेवला आणि म्हणाला, "काकूंना हे बास होतंय." बास होतंय! तुला किती बास होतं हे तुला न विचारता ठरवणारा हा कोण? या दोन शब्दांवर मी आजही एक अख्खं पत्रक काढू शकते. तू काढू दिलं नाहीस. आता तू अडवायला नाहीस, म्हणून काढते आहे.

हे वाचणाऱ्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगते: शालनकाकी माझी सख्खी काकी नव्हे. आमच्या आणि तिच्या घरात एक सामाईक भिंत, एवढंच नातं. त्या भिंतीपलीकडून शिलाई मशीनचा आवाज यायचा आणि गेल्या हिवाळ्यापासून ट्रकच्या इंजिनाचा. दोन्ही आवाज बंद झाले त्याला अजून पंधरवडाही झालेला नाही.

काकी, तू रडकं लिहिलेलं चालवून घेणार नाहीस. बसस्थानकातल्या बायकांच्या स्वच्छतागृहाचं कुलूप उघडावं म्हणून मी पहिलं पत्रक लिहिलं, ते तू मशीनवर बसल्या बसल्या वाचलंस आणि म्हणालीस, "लय शब्द झाले गं. ट्रकच्या मागं लिवत्यात तेवढंच लिव. मागच्या गाडीवाल्याला ब्रेक दाबायच्या आत वाचता आलं पायजे." मी पुन्हा लिहिलं. 'कुलूप काढा. आम्हालाही लागते.' कुलूप निघालं. माझं नाव झालं आणि तू मोर्चाच्या फलकाला काठ शिवून दिलास, तो फलक अजून माझ्या खाटेखाली आहे. याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले. मानते.

ट्रक तुझ्या डोक्यात कुठून शिरला हे आमच्या आळीत सगळ्यांना पाठ आहे, कारण तू ते प्रत्येक ब्लाउजच्या मापाबरोबर सांगायचीस. लोणंद तुझं माहेर. तुझे वडील तिथल्या बाजारातून कांद्याचा ट्रक भरून न्यायचे आणि शाळेला सुट्टी असली की तू क्लिनर म्हणून केबिनमध्ये. माल उतरवायच्या जागी ट्रक मागे घ्यायचा झाला की तू उडी मारून खाली, मागे जाऊन ट्रकच्या फळीवर हात आपटत ओरडायचीस, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बास!" मोठेपणी स्टिअरिंग तुझ्या भावाकडे गेलं आणि तुझ्याकडे शिलाई मशीन आलं. हे तू रडत सांगितलं नाहीस कधी. "माझ्या आवाजावर दहा चाकं हालत होती," असं ऐटीत सांगायचीस आणि मग म्हणायचीस, "फकस्त आत बसून हालवायची राहिली."

पुण्याला तुझ्या लेकाकडे, संदीपकडे गेलीस तेव्हा त्याच्या कॉम्प्युटरवर तो ट्रकचा खेळ तू पाहिलास आणि परत आलीस ती वेडावूनच. पैसे तुझे, शिवणकामाचे. डोळे तुझे, हात तुझे. तरी विचारलं काय गेलं? कुणासाठी!

सांगलीचा डबा घरी आणला, खेळ घातला. सुरू झाला खरा. पण झाडं म्हणजे हिरवे गोळे, समोरची गाडी अंगावर आल्यावर दिसायची आणि आरसे काळे. दोन्ही बाजूंचे आरसे तव्यासारखे काळे. मी फोनवर वाचून तुला सांगितलं की यात ग्राफिक्स कार्ड नावाचा भागच नाही, चित्र काढायचं सगळं ओझं एकट्या प्रोसेसरवर आहे. खेळ कसाबसा चालावा म्हणून आरसे बंद ठेवावे लागतात.

तू चष्मा कपाळावर चढवलास. "म्हंजे त्यानं मला आंधळा ट्रक दिला व्हय?"

"दिला. चल, उद्या त्याच्या दुकानासमोर बसू. मी पत्रक लिहिते."

"पत्रकानं आरसा दिसतोय का, पोरी? साताऱ्याला जाऊ."

इथे आपलं पहिलं भांडण झालं आणि ते अजून मिटलेलं नाही. माझं म्हणणं होतं, आणि आहे, की आधी जाब विचारायचा आणि मग सातारा. तू म्हणालीस, भांडणात दिवाळी जाईल आणि मला दिवाळीत ट्रक चालवायचाय. दिवाळी तशीही काळ्या आरशांतच गेली. म्हणजे मी बरोबर होते. नोंद असू दे.

दिवाळी झाल्यावर एसटीने गेलो. पोवई नाक्याजवळच्या बोळात, जिना चढून वर, एका खोलीएवढं दुकान. सांगलीचा डबा तुझ्या मांडीवर, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला, लसूणघासाच्या भाऱ्यासारखा. दुकानदार वडापाव खात होता. हात पुसून त्याने तुला विचारलं, तुलाच, "कुठला खेळ, मावशी?"

काकी, तू माझ्याकडे बघितलंस. तुझ्या चेहऱ्यावर त्या वेळी जे आलं ते मी कुठल्याच मोर्चात, कुठल्याच विजयानंतर कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. आणि मग तू जी बोलायला लागलीस! लोणंद, कांदा, वडील, फळी, दहा चाकं. त्याने तीनदा चहा मागवला.

डबा उघडून तो म्हणाला, "मावशी, हे वाईट नाही. बिलं करायला एक नंबर. प्रोसेसर ठेवू, मदरबोर्ड ठेवू. कार्ड घालावं लागेल, त्याला पुरेल असा मोठा पॉवर सप्लाय लागेल आणि हा डबा लहान पडतोय, तो बदलू."

त्याने दोन ग्राफिक्स कार्डं काउंटरवर ठेवली. तू दोन्ही हातांत एकेक घेऊन जोखलीस. "ह्यो जड हाय. ह्योच घेऊ."

"मावशी, वजनावर नसतंय ते."

"मग कशावर असतंय?"

तो आकडे सांगायला लागला. तू हात वर केलास. "आकडं ऱ्हाऊ दे. मला आरसा दाव." आणि त्याला कामाला लावलंस. एक कार्ड बसवायचं, खेळ लावायचा, तू रस्त्याकडे ढुंकूनही न बघता फक्त डाव्या आरशाकडे बघायचीस. मग दुसरं बसवायचं, पुन्हा डावा आरसा. जड कार्डात आरसा जसा होता तसाच हलक्यात होता. तू बराच वेळ रुसून बसलीस. तुला जडच हवं होतं. शेवटी हलकं घेतलंस आणि जडवाल्याला जाता जाता हात लावून आलीस, दुसऱ्याच्या बाळाला लावावा तसा.

टेबलाला अडकवायचं स्टिअरिंग घेतलं, पॉवर सप्लाय तो म्हणाला तसा घेतला. त्यावर तू विचारलंस, "आणि फ्रीजचा स्टॅबिलायझर कुठं जोडायचा?" तो म्हणाला, गरज नाही, चांगला यूपीएस घ्या, बास. तू म्हणालीस, "आमच्यात रानातल्या मोटारी एकदम चालू झाल्या की बल्ब मान टाकतोय. तुमच्या साताऱ्याचं तुमी बघा." घरी येऊन तू यूपीएसच्याही आधी तो जुना स्टॅबिलायझर जोडलासच. त्या दिवसापासून दोघं जावा-जावांसारखे वागायला लागले. हा खट्ट म्हणाला की तो टिंग करायचा. आपण शेवटी यूपीएस ठेवला आणि स्टॅबिलायझर फ्रीजला परत दिला. पण तू कधी कबूल केलं नाहीस. "फ्रीजला त्याची आठवण यायली हुती," म्हणालीस.

आता मोठं भांडण. डबा निवडताना तू रंगीत दिव्यांच्या पंख्यांवर बोट ठेवलंस. लाल, निळा, हिरवा, पाळीपाळीने. मी म्हणाले, हे नको, त्याऐवजी रॅमची दुसरी पट्टी घे, खेळ अडखळणार नाही. दिव्यांनी ट्रक पळत नाही. ही निव्वळ उधळपट्टी आहे, कंपन्यांनी डोळे दिपवायला काढलेली.

"बेंदराला बैलाची शिंगं रंगवत्यात, त्यानं काय बैल जास्त पळतोय?"

"काकी, हा वाद नाही झाला."

"मग काय झालं?"

"ही पळवाट झाली."

"पळवाट तर पळवाट. मला दिवं पायजेत."

दुकानदार म्हणाला, पट्टी कधीही टाकता येईल, जागा ठेवतो. दिवे आले. पट्टीची जागा अजून रिकामी आहे. काकी, मला आजही वाटतं की मी बरोबर होते. मोठ्या शहरात शिरलं की खेळ अडखळायचाच. पण संध्याकाळी भिंतीच्या फटीतून तुझा निळा उजेड आमच्या स्वयंपाकघरात यायचा आणि माझी आई म्हणायची, "शालन निघाली वाटतं ड्यूटीवर." त्या उजेडाची मला सवय झाली होती, हे तुला सांगायचं राहिलं. म्हणजे वाद मी सोडत नाही. फक्त सांगते आहे.

गळीत हंगाम सुरू झाला होता. कारखान्याच्या धुराड्यातली काजळी वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते तशी ती जाळीच्या डब्यातही जाणार, म्हणून तू डब्याला झबलं शिवलंस. समोरून, मागून, वरून, चांगलं जाड मांजरपाट, वर इलॅस्टिक. पंखे कोंडले. पहिल्याच मोठ्या घाटात मशीन तापून धाडकन बंद. तुझं निदान तयार होतं: "माल लय भरला हुता. चढाला दमला." तू पुढच्या खेपेला माल कमी घेतलास. तरी बंद. मग माल आणखी कमी. शेवटी रिकामा ट्रक घेऊन कोयनानगरच्या घाटासारख्या त्या वळणांवर निघालीस आणि तोही बंद पडला, तेव्हा मी झबल्याला हात लावून पाहिला तर चटका बसला. समोरून पीठ चाळायच्या चाळणीवरचं विरळ कापड लावलं, मागची बाजू उघडी ठेवली, आणि ट्रक चढला. दर रविवारी ते कापड तुझ्या लुगड्यांबरोबर दोरीवर वाळायचं. पाहुणे विचारायचे, बारसं कुणाचंय?

आणि मुमताजभाभी. तिच्याशिवाय हा लेख पुरा झाला तर तीच माझ्या दारात येईल. भाभीच्या घरचं गाद्यांचं काम. तिने तुझ्या खुर्चीला ट्रकसारखी सीट भरून दिली, पाठीला उंच, बसायला घट्ट. मग ती बघायला यायला लागली आणि तू तिला नेमणूकच दिलीस: क्लिनर. कारण तुझा नियम होता, क्लिनर असल्याशिवाय रिव्हर्स घ्यायचा नाही. मी कपाळावर हात मारला. अगं, आता आरसे दिसतात! सगळा खटाटोप आरशांसाठीच केला ना आपण? लख्ख दिसतात आरसे!

"दिसत्यात की," तू म्हणालीस. "पर आरसा 'बास' म्हणतोय का?"

मग भाभी एक बटण दाबायची, पडद्यावर ट्रक बाहेरून, मागून दिसायला लागायचा, आणि ती जाहीर करायची, "उतरले गं मी खाली. येऊ दे!" पडदा एकच, दोघी एकाच पडद्याकडे बघताय, जे तिला दिसतं तेच तुला दिसतं, तरी ती ओरडणार आणि तू तिच्या ओरडण्यावरच चाक फिरवणार. "डावीकडं घे. घे की! आगं डावीकडं, तुझ्या डावीकडं, माझ्या न्हाई! येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बाऽऽस!" पापड लाटायला आलेल्या बाया लाटणं सोडून दाराशी उभ्या. एकदा तू गोदामाची भिंत पाडायला निघालीस तेव्हा भाभी खरोखरच उठून मागे सरली.

तू मला पुष्कळदा म्हणालीस, "बस की एकदा. मोर्चेवाल्यांनी खेळू नये असं कुठं लिवलंय?" मी म्हणायचे, एसटीच्या थांब्याला शेड मिळू दे, मग बसते. तू म्हणायचीस, शेड मिळाल्यावर तू दुसरं कायतरी काढशील. हेही भांडण अर्धंच आहे.

मग तू गेलीस. दुपारी, जेवून, त्याच सीटवर जरा टेकलीस तेवढंच.

आणि दुसरा अन्याय झाला. गावच्या चौकात तुझा फ्लेक्स लावायचा ठरलं आणि मजकूर लिहायला मला सांगितलं, कारण लिहिणारी मीच. मी लिहून दिलं: 'शालनकाकी. कपडे शिवले. ट्रक चालवला. खळखळून हसली.' बघ, ट्रकच्या मागे मावेल एवढंच. सकाळी चौकात जाऊन बघते तर, 'प्रेमळ, सोशिक, धार्मिक मातोश्री'. सोशिक! पाणचट दूध डेअरीला परत करणारी, कंडक्टरला तिकिटाच्या सुट्ट्या पैशांवरून शेवटच्या थांब्यापर्यंत सुनावणारी आमची शालनकाकी सोशिक! मी संदीपच्या चुलत्यांना विचारलं तर म्हणाले, "अगं, ट्रक-बिक काय लिहायचं? लोक काय म्हणतील? तो कॉम्प्युटर नातवासाठी घेतला होता, असं सांगितलंय आम्ही सगळ्यांना."

पुन्हा तेच. सांगलीच्या काउंटरवर एकदा, चौकात एकदा. तुझी एकच गोष्ट अशी होती जी तू फक्त स्वतःसाठी घेतलीस आणि तीही दुसऱ्याच्या नावावर चढवली.

उत्तरकार्याच्या दुसऱ्या दिवशी संदीप कॉम्प्युटर पुण्याला न्यायला म्हणून सोडवायला बसला. वाईट नाही गं तुझा पोरगा. डोळे सुजलेले. वायरी काढण्याआधी म्हणाला, "चालू तर आहे ना, बघतो." निळा उजेड भिंतीवर आला. मी दारात उभी होते, मनात भाषण तयार. भाभी माझ्या मागे होती. भाचीच्या लग्नाला आठवडाभर जतला गेली होती, ती तू गेल्याचं कळल्यावर परतली होती, आणि या खोलीत पाऊल ठेवायचं तिला होत नव्हतं.

खेळ उघडला. तुझा ट्रक एका गोदामाच्या अंगणात उभा. तोंड फाटकाकडे, पाठ माल उतरवायच्या फलाटाकडे, अगदी सरळ रेषेत आणून लावलेला. रस्ता सगळा झाला होता. फक्त मागे घ्यायचा बाकी.

"आईनं एवढं आणून असाच का सोडला?" संदीप म्हणाला. "थोडंच तर राहिलंय."

भाभीने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "माझ्यासाठी थांबलीया ती. मी न्हवते न्हवं हितं."

माझं भाषण माझ्याकडेच राहिलं. संदीप तुझ्या सीटवर बसला, त्याने स्टिअरिंग धरलं आणि ट्रक मागे घेतला तो थेट कुंपणात घातला.

"आरं देवा! सरळ कर!" भाभी आत. केव्हा आत आली ते तिलाही कळलं नाही. बटण दाबलं. "उतरले मी खाली. पुढं घे. पुढं! आता डावीकडं. तुझ्या आईला सांगून सांगून माझा घसा गेला, आता तुला सांगू? येऊ दे... थांब! आरं थांब की, बाबा!"

"मावशी, आरशात दिसतंय मला!"

"आरसा 'बास' म्हणतोय का?"

काकी, तो हसला. रडत रडत हसला. मीही. आळीतल्या बाया कुरडयांचे चिकट हात घेऊन दारात आल्या आणि सगळ्या मिळून ओरडायला लागल्या, येऊ दे, येऊ दे, येऊ दे. तीनदा कुंपण, एकदा खांब. मग एकदाचा ट्रक फलाटाला टेकला आणि सगळी आळी एका आवाजात म्हणाली, "बाऽऽस!"

तुझा माल पोचला, काकी.

बऱ्याच वेळाने संदीपने विचारलं, "हे तिनं स्वतःसाठी घेतलं होतं, व्हय?" मी म्हणाले, हो. त्याने वायरींना हात लावला नाही. पुण्याला जाताना किल्ली भाभीकडे देऊन गेला आणि जाता जाता म्हणाला की रॅमची दुसरी पट्टी तो पाठवून देईल, शहरात शिरताना अडखळतो ट्रक. ऐकलंस? अडखळतो! मी बरोबर होते. दिवे मात्र कुणी काढणार नाही, एवढं मी तुझ्यासाठी सोडते.

संध्याकाळी मी त्या सीटवर बसले. थांब्याला शेड अजून नाही. तरी बसले. फाटकातून ट्रक बाहेर काढतानाच त्याचा एक दिवा फोडला. भाभी म्हणाली, तू पत्रकंच काढ.

तर काढलं. आता हे वाचणाऱ्या माणसा, तुझ्याशी बोलते. काउंटरमागे बसत असशील, कुणाचा मुलगा असशील, नवरा असशील. उद्या एखादी बाई येऊन म्हणेल, मला खेळायचंय. तेव्हा 'कुणासाठी' विचारू नकोस. 'कुठला खेळ' विचार. मग खाली उतर, मागे जाऊन उभा राहा, आणि तिला येऊ दे.